मे महिन्याच्या पहिल्या पहाटेचे लोणी : आयर्लंडच्या 'दूखस' संकेतस्थळाविषयी

आयर्लंडमध्ये मे महिन्याचा पहिला दिवस 'ब्याल्तना' म्हणून पाळला जातो. त्याविषयी इंटरनेटवर पुष्कळ मजकूर आहे. पण जुन्या शेतकरी घरांत त्या दिवशी नेमकी कशाची धास्ती असे, हे समजून घ्यायचे असेल तर 'दूखस' या विनामूल्य संकेतस्थळाला पर्याय नाही, असे माझे मत आहे.

१९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील ५०,००० हून अधिक मुलांना घरच्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून जुन्या गोष्टी ऐकून वहीत उतरवायला सांगितले. त्यातून जमलेली सुमारे ७,४०,००० पाने आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनकडे जतन केलेली असून 'दूखस'वर ती वाचता येतात.

मे महिन्याच्या नोंदी वाचू लागल्यावर सगळी चिंता दुभत्याभोवती फिरताना दिसते. गुरे उन्हाळी कुरणांवर निघण्याचा हा काळ. आणि याच पहाटे कोणी आपल्या विहिरीवरचे पहिले पाणी काढून नेले किंवा आपल्या शेतातले दव फडक्याने टिपून नेले, तर वर्षभराचे लोणी त्याच्या घरी जाते, असा समज होता. म्हणून त्या दिवशी शेजाऱ्याला विस्तव, दूध किंवा मीठ दिले जात नसे. (तिन्हीसांजेला दूध-मीठ बाहेर न देणाऱ्या आपल्या आजीची आठवण इथे अनेकांना होईल.) गाईला लुचणाऱ्या सशिणीला शिकारी जखमी करतो आणि पुढे तीच जखम एका म्हातारीच्या अंगावर आढळते (म्हणजे तीच सशिणीच्या रूपात दूध चोरत होती), ही कथा तर वेगवेगळ्या गावांतून पुन्हापुन्हा भेटते आणि दर वेळी नवी वाटते. उंबऱ्यावर पिवळी फुले टाकणे, अंड्यांच्या टरफलांनी काटेरी झुडूप सजवणे हे सुंदर प्रकारही आहेतच.

मूळ पानाचे छायाचित्र आणि त्याशेजारी टंकलिखित मजकूर ही मांडणी मला विशेष आवडली. हा मजकूर बहुतांशी स्वयंसेवकांनी उतरवलेला असल्याने शंका आली की मूळ अक्षर ताडून पाहावे. आयरिश भाषेतील नोंदी जुन्या गेलिक लिपीत असतात आणि त्या वाचायला सवय लागते. इंग्रजी नोंदी मात्र भरपूर आहेत. उत्तर आयर्लंडच्या सहा परगण्यांतील शाळा या उपक्रमात नव्हत्या, हे ध्यानात ठेवावे.

केवळ सणाच्या नावाने शोध घेऊन थांबू नये. लोणी, ससा, विहीर, दव यांचे इंग्रजी शब्द टाकून पाहावेत. उत्तम नोंदी मला तिथेच सापडल्या.