गच्चीवरच्या बागेचे मेल आणि जीमेलचे फिल्टर: आठ महिन्यांचा अनुभव

मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. काम मेलवर येतं आणि मेलवरच परत जातं. म्हणजे इनबॉक्स हेच माझं दुकान, आणि दुकानाच्या दारात गर्दी झाली की गिऱ्हाईक दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या एका ऑनलाइन समूहात सामील झाले. समूह फार चांगला आहे, हे आधीच सांगते. माझ्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला होता, तेव्हा अर्ध्या तासात तिघांनी उपाय सांगितले आणि झाड वाचलं. पण तिथे सगळ्या सूचना पहिल्यापासूनच चालू असतात. कुणी प्रश्न विचारला की मेल, कुणी उत्तर दिलं की मेल, नुसतं 'धन्यवाद ताई' लिहिलं तरी मेल. पावसाळ्यात सगळ्यांचीच मुळं कुजत होती, त्यामुळे दिवसाला साठ-सत्तर मेल सहज व्हायचे. त्या ढिगात एका प्रकाशकाचा 'शेवटची चार पानं आज संध्याकाळपर्यंत हवीत' हा मेल मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला. पुस्तकाचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा संच, छपाईला जायचा खोळंबला. त्या दिवशी ठरवलं, याची व्यवस्था लावायचीच.

रागाच्या भरात आधी मी समूहाचे मेल स्पॅम म्हणून टाकायला लागले. ते करू नका. स्पॅमचं बटण अनोळखी, फसव्या मेलसाठी आहे. आपण स्वतः मागवलेले मेल स्पॅममध्ये ढकलले की त्या पत्त्यावरचे पुढचे हवे असलेले मेलही तिकडेच जायला लागतात, आणि जीमेलच्या स्पॅममधलं सगळं 30 दिवसांनी आपोआप पुसलं जातं. शिवाय पाठवणाऱ्याची पत घसरते आणि त्याचा त्रास इतर सभासदांना होतो. मी बसून सगळे मेल 'स्पॅम नाही' करून परत आणले.

मग मुळापासून सुरुवात केली. समूहाच्या खात्यात, सूचनांच्या सेटिंगमध्ये, 'प्रत्येक संदेश' काढून 'रोजचा एकत्रित मेल' निवडलं. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पुन्हा धो धो. कारण शोधायला बराच वेळ गेला. आपण एखाद्या चर्चेत एक ओळ जरी लिहिली तरी ती चर्चा आपोआप आपल्या मागे लागते, आणि तिचं सेटिंग वेगळ्या ठिकाणी असतं. मी कढीपत्त्याबद्दल एक वाक्य लिहिलं होतं, त्यावर पुढे चाळीस जण बोलले. तुम्हीही सूचना बंद केल्यावर मेल येतच राहिले, तर आधी हे दुसरं सेटिंग पाहा. बहुतेकांचं घोडं इथेच अडलेलं असतं.

आता फिल्टर, आणि इथे माझ्या हातून मोठी चूक झाली. विषयात 'बाग' शब्द असलेला प्रत्येक मेल इनबॉक्समध्ये न येता थेट 'गच्ची' या लेबलखाली, म्हणजे जीमेलमधल्या वेगळ्या कप्प्यात, जावा, असा फिल्टर केला. तीन आठवडे छान चाललं. मग एका प्रकाशनाकडून फोन आला, 'ताई, दुसरं प्रूफ मिळालं ना?' मला काहीच मिळालं नव्हतं. पुस्तक बागकामाचं, मेलचा विषय 'बाग, प्रकरण 4, दुसरं प्रूफ'. फिल्टरने त्याला सांगितलेलं काम चोख केलं होतं. चार दिवस ते प्रूफ मोगऱ्याच्या छाटणीखाली पडून होतं.

तेव्हापासून शब्दावर फिल्टर लावत नाही. समूहातून येणाऱ्या मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक माहितीत, बहुतेक वेळा त्या मेलिंग लिस्टची (समूहाच्या मेल-यादीची) स्वतःची ओळख लिहिलेली असते. ही पद्धत 2001 पासून ठरलेली आहे. संगणकावर मेल उघडून पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबला की तपशील उघडतो, त्यात मेलिंग लिस्ट दिसते आणि तिथूनच त्या यादीपुरता फिल्टर करता येतो. विषय काहीही असो, मेल त्या यादीतून आला असेल तरच बाजूला जातो. त्यानंतर एकही कामाचा मेल चुकीच्या जागी गेलेला नाही. आणि फिल्टर करताना जुन्या मेलनाही लागू करण्याची खूण करायला विसरू नका, एका फटक्यात दीड हजार मेल हलले तेव्हा खरंच मोकळं वाटलं.

एक अडचण आहे. फिल्टर बनवायला संगणकावरचा ब्राउझर लागतो, मोबाइलच्या ॲपमध्ये ती सोय नाही. माझ्या बहिणीकडे फक्त फोन आहे, म्हणून तिचे फिल्टर मी माझ्या लॅपटॉपवर तिला शेजारी बसवून लावून दिले. फोनवर तिला 'म्यूट' पुरतं. एखादी चर्चा लांबत चालली की ती म्यूट करायची, मग तिची पुढची उत्तरं इनबॉक्समध्ये येत नाहीत. समूहही सुटत नाही, कुणाला वाईटही वाटत नाही.

ज्यांचे मेल नकोच आहेत त्यांना मात्र सरळ अनसबस्क्राइब करा, आता ते पूर्वीइतकं किचकट राहिलेलं नाही. गुगल आणि याहू यांनी 2024 मध्ये नियम आणला. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातींच्या आणि आपण नोंदणी करून मागवलेल्या मेलमध्ये एका क्लिकवर बाहेर पडण्याची सोय द्यायची, आणि विनंती दोन दिवसांत अमलात आणायची. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः जे बटण दाखवतं तेच वापरा. ज्याचं नावही कधी ऐकलं नाही त्याच्या मेलच्या तळाशी असलेली लिंक दाबू नका. आपला पत्ता जिवंत आहे एवढंच त्यातून त्याला कळतं.

पुन्हा सुरुवातीपासून करायचं झालं तर मी सामील होतानाच वेगळा पत्ता देईन. जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावानंतर, @ च्या आधी, अधिकचं चिन्ह (+) आणि कुठलाही शब्द जोडला तरी मेल आपल्याच खात्यात येतो. त्या पत्त्यावर फिल्टर लावला की काम संपलं, आणि आपला पत्ता पुढे कुणाला दिला गेला तर तेही उघड होतं. काही ठिकाणी नोंदणी करताना ते चिन्ह चालत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

आता रोजचा एकत्रित मेल दुपारच्या चहाबरोबर वाचते. दर महिन्याला 'गच्ची' लेबलमधले तीन महिन्यांपूर्वीचे मेल शोधून पुसते, कारण फुकट मिळणाऱ्या 15 जीबीत मेलबरोबर फोटो आणि ड्राइव्हही बसवायचं असतं. अँड्रॉइड फोनवर लेबलवार सूचना ठेवता येतात, म्हणून प्रकाशकांच्या लेबलला आवाज दिला आहे आणि गच्चीला दिलेला नाही. संध्याकाळी झाडांना पाणी घालताना फोन वाजला की हातावरची माती पुसून खाली येते. वाजला म्हणजे प्रूफ आलेलं असतं.