डोजकॉइन की सोलाना? भाव बघण्याआधी पुरवठा बघा

बिटकॉइनचा भाव लाखांत गेल्यापासून नवखा माणूस ऑल्टकॉइनकडे, म्हणजे बिटकॉइन सोडून इतर नाण्यांकडे, वळतो आणि ॲपमधली यादी चाळायला लागतो. डोजकॉइन काही रुपयांना, सोलाना हजारो रुपयांना. डोज स्वस्त, म्हणजे त्याला वाढायला वाव जास्त, असा हिशेब बरेच जण तिथेच मांडून मोकळे होतात. तो साफ चुकीचा आहे. कलिंगडाच्या फोडीचा भाव ऐकून अख्खं कलिंगड केवढ्याला पडेल ते कळत नाही. एकूण फोडी किती, हे आधी विचारावं लागतं.

ते विचारायची जागा म्हणजे कॉइनगेको किंवा कॉइनमार्केटकॅप. दोन्ही साइट फुकट आहेत. नाण्याच्या पानावर भावाचा आलेख सर्वांत ठळक असतो, तो क्षणभर बाजूला ठेवा आणि मार्केट कॅप (म्हणजे चलनातल्या सगळ्या नाण्यांची मिळून किंमत), चलनातली नाणी, एकूण नाणी आणि कमाल मर्यादा एवढंच वाचा. डोजच्या पानावर कमाल मर्यादेच्या जागी अनंताचं चिन्ह दिसेल. दर मिनिटाला १०,००० नवे डोज तयार होतात, म्हणजे दिवसाला १ कोटी ४४ लाख आणि वर्षाला ५०० कोटींच्या वर. चलनात आजच १४,००० कोटींहून जास्त आहेत. आता ‘डोज एक डॉलरला जाणारच’ असा मेसेज ग्रुपवर आला की गुणाकार करून पाहा: त्यासाठी सगळ्या डोजची मिळून किंमत १४,००० कोटी डॉलरच्या वर जायला हवी. मे २०२१ मध्ये भाव ७० सेंटच्या पुढे गेला होता, पण तिथे टिकला नाही.

सोलानालाही कमाल मर्यादा नाही. नव्या नाण्यांचा वेग वर्षाला ८ टक्क्यांपासून सुरू झाला. तो दरवर्षी १५ टक्क्यांनी कमी होत १.५ टक्क्यांवर स्थिरावेल, अशी आखणी आहे. नुसती मर्यादाच हवी असेल तर लाइटकॉइन पाहा: ८ कोटी ४० लाख, त्यापुढे एकही नाही.

खरा फरक आहे तो पहिली नाणी कोणाच्या हातात गेली, यात. डोज डिसेंबर २०१३ मध्ये गंमत म्हणून निघाला आणि ज्याच्याकडे कॉम्प्युटर होता त्याला तो माइन करता येत होता, म्हणजे नेटवर्कचे व्यवहार पडताळून नवी नाणी मिळवता येत होती. सोलानाचं नेटवर्क मार्च २०२० मध्ये सुरू झालं तेव्हा मोठा वाटा गुंतवणूक कंपन्या, टीम आणि फाउंडेशन यांच्याकडे होता. अशी नाणी ठरावीक काळ लॉक असतात आणि मग टप्प्याटप्प्याने बाजारात येतात, त्यामुळे कोणत्याही नव्या नाण्याचं अनलॉकचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय पैसे घालू नयेत. मोठा धारक बुडाला तर काय होतं तेही सोलानाने दाखवून दिलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज कोसळलं. त्या गटाकडे सोलाना भरपूर होता. वर्षभरापूर्वी अडीचशे डॉलरच्या वर गेलेलं नाणं डिसेंबरअखेर दहा डॉलरच्या खाली आलं.

मग मागणी कुठून येते? सोलानावर ॲप्स चालतात आणि व्यवहाराचं शुल्क सोलानातच भरावं लागतं. हे शुल्क रोज किती जमतंय ते डेफाय-लामा या साइटवर दिसतं, म्हणजे अभ्यासाला काहीतरी हाताशी लागतं. नेटवर्क बंद पडल्याचा इतिहासही वाचा: सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे १७ तास, फेब्रुवारी २०२४ मध्ये जवळपास ५ तास. डोजचं माइनिंग २०१४ पासून लाइटकॉइनच्या जोडीने होतं, म्हणजे तीच यंत्रं दोन्ही नेटवर्क राखतात, त्यामुळे सुरक्षेच्या बाजूने तो वाटतो तितका लेचापेचा नाही. पण त्याचा भाव मुख्यतः चर्चेवर हलतो, इलॉन मस्क काय लिहितात यावरसुद्धा. चर्चेचा अभ्यास कसा करणार? म्हणून शिकत शिकत गुंतवायचं असेल तर या दोघांत मी सोलाना सुचवेन, तेही पूर्ण बुडाली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढ्याच रकमेने.

ही दोन्ही निदान सर्वांसमोर तपासता येणारी नाणी आहेत. टेलिग्रामवर कळलेल्या तिसऱ्याच नाण्याचं तसं नसतं. ते सोलानावरचं असेल तर त्याचा पत्ता, म्हणजे अक्षर-आकड्यांचा लांबलचक कोड, सोलानाचे व्यवहार दाखवणाऱ्या सोलस्कॅन या साइटवर टाका. नावावर जाऊ नका, एकाच नावाची कितीही टोकन कोणीही काढू शकतं. ‘होल्डर्स’ म्हणजे धारकांच्या यादीत पहिल्या दहा पत्त्यांकडेच बहुतेक नाणी असतील आणि ते एक्स्चेंजचे किंवा लिक्विडिटी पूलचे (खरेदी-विक्रीसाठी ठेवलेल्या सामायिक साठ्याचे) पत्ते नसतील, किंवा हवी तेवढी नवी नाणी छापायचा हक्क निर्मात्याने स्वतःकडे ठेवला असेल, तर पान बंद करा. महाराष्ट्राने हे सोसलेलं आहे. ‘गेन बिटकॉइन’ या योजनेने महिना १० टक्के परताव्याचं आमिष दाखवलं आणि पैसे आटल्यावर लोकांच्या हातात बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच नाणं ठेवलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटका केल्या, तोवर कित्येकांची पुंजी गेली होती.

शेवटचा हिशेब कराचा, कारण ‘थोडं थोडं सगळ्यांत’ हा सल्ला भारतात महाग पडतो. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आणि वर सेस आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. समजा सोलाना विकून २०,००० रुपये मिळवले आणि डोज विकून तेवढेच घालवले. हातात शून्य उरतं, तरी सेस धरून ६,२४० रुपये कर भरावाच लागतो. विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो तो वेगळा. विवरणपत्र भरताना तो या करातून वळता करून घ्यायला विसरू नका.