पावावरचं बटर: १०० ग्रॅमच्या पाकिटाची ब्रून, बन आणि लादी पावावर परीक्षा

पावाला बटर कसं लावायचं यावरून घराघरांत जे वाद होतात, त्यातले निम्मे खरं तर बटर किती गार आहे यावरचे असतात. एकाला बटरचा जाड काप दातांना लागायला हवा असतो, दुसऱ्याला ते कडेपर्यंत सारवलेलं हवं असतं. तिसरा आधी तव्यावर बटर सोडतो, मग पाव ठेवतो. चौथा पावाच्या फक्त एका अर्ध्याला लावतो, कारण दुसरा अर्धा त्याला चहात बुडवायचा असतो. प्रत्येकाचं बरोबर आहे, फक्त पाव वेगळा आणि बटर वेगळ्या तापमानाचं. म्हणून अमूलचं साधं १०० ग्रॅमचं खारं पाकीट पावावर कसं उतरतं ते इथे बघू. सोबत घरचं पांढरं लोणी, बिनमिठाचं बटर आणि डब्यातलं कमी फॅटचं स्प्रेडही घेऊ.

आधी पाकिटात काय असतं ते. फॅट ८० टक्के, मीठ साधारण दोन टक्के, रंगासाठी एका झाडाच्या बियांपासून काढलेला अ‍ॅनाटो आणि उरलेलं बहुतेक पाणी. १०० ग्रॅमला ७२२ किलोकॅलरी, म्हणजे दहा ग्रॅमच्या कापाला ७२. रंग घालावा लागतो, कारण म्हशीच्या दुधात कॅरोटीन नसल्यातच जमा आणि त्याचं लोणी पांढरंच निघतं. आपल्या जिभेला या पिवळ्या, खारट चवीची सवय लावली ती पोल्सन या जुन्या बटर ब्रँडने. आणंदच्या सहकारी संघाचं, म्हणजेच अमूलचं, ताज्या सायीचं बटर बाजारात आलं तेव्हा पोल्सनला सरावलेल्या गिऱ्हाइकाला ते सपक वाटलं, मग त्यातही मीठ आणि रंग आला. पावाच्या दृष्टीने हे झालं ते बरंच झालं. साध्या पावाच्या पिठात मीठ बेताचंच असतं, त्याची उणीव बटर भरून काढतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बटरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा या पाकिटाची छापील किंमत ₹६२ वरून ₹५८ झाली. गोकुळ, वारणा, चितळे यांचंही बटर मिळतं. ते घेताना वेष्टनावरचा सोडियमचा आकडा बघा, चवीतला फरक बराचसा तिथेच कळतो.

आता मुख्य गोष्ट. फ्रिजमध्ये चार-पाच अंशांना बटरमधला जवळपास निम्मा फॅट घट्ट असतो. सुरी दाबली की वडीचे ढलपे निघतात, पसरत मात्र नाही. १८ ते २० अंशांना ते हवं तसं मऊ होतं आणि पस्तिशीच्या आसपास पूर्ण वितळतं. म्हशीच्या दुधाचा फॅट गाईच्यापेक्षा थोडा कडक असतो, त्यामुळे आपल्याकडचं बटर परदेशी गाईच्या बटरपेक्षा फ्रिजमधून काढल्यावर जास्त हट्टी वाटतं. उलट मे महिन्यात मुंबईत ओट्यावर पाकीट विसरलं की ते थेट तेलकट होतं. हे वितळलेलं बटर परत फ्रिजमध्ये टाकून पूर्वपदावर येत नाही. फॅट सावकाश गोठताना मोठे दाणे धरतो, पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. असं रवाळ बटर पावाला लावू नये, ते तव्यासाठी ठेवावं.

मायक्रोवेव्हचा मोह टाळा. वडीत जिथे आधी वितळतं तिथेच पुढची उष्णता जास्त शोषली जाते, त्यामुळे मध्ये डबकं आणि कडा दगड, असा प्रकार होतो. त्यापेक्षा वडीचे आडवे दहा काप करा. प्रत्येक काप दहा ग्रॅमचा, आणि पातळ असल्यामुळे साध्या खोलीत पाच-सात मिनिटांत सुरीला वश होतो. घाई असेल तर स्टीलचा पेला उकळत्या पाण्याने विसळा, पुसा आणि कापावर दोन मिनिटं पालथा घाला. तेवढाही धीर नसेल तर गार वडी जाड किसणीवर किसा. किसलेलं बटर लादी पावावर न दाबताही बसतं.

लादी पाव हा यातला सगळ्यात नाजूक. पाव एकमेकांना चिकटून भाजले जातात, त्यामुळे बाजूला साल नसते आणि आतला भाग कापसासारखा. गार बटरने त्यावर सुरी ओढली की पाव फाटतो, चुरा बटरला चिकटतो आणि मग माणूस आणखी बटर घेतो. दोन्ही पोटांना मिळून आठ ते दहा ग्रॅम पुरतं. पाव तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू जोडलेली राहू द्या, पुस्तकासारखा उघडा आणि सुरी आडवी ठेवून मधून कडेकडे न्या. मागे-पुढे घासू नका. भाजी, चटणी किंवा काकडी-टोमॅटो भरायचा असेल तर बटर कडेपर्यंत जायलाच हवं, कारण फॅटचा तो थर पाणी अडवतो. मुंबईच्या सँडविचवाल्याचा बटरचा हात सैल असतो तो उगाच नाही. जिथे बटर पोचत नाही तिथून चटणी झिरपते आणि ब्रेड ओला होतो. नुसता पाव-बटर खायचा असेल तर मात्र कडेपर्यंत सारवायची गरज नाही, मधे थोडं जाड राहू दिलं तर चव जास्त लागते.

ब्रूनचा, म्हणजे कडक पावाचा, न्याय उलटा. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, आणि फॅट जवळपास नाहीच. बाहेरून कडकडीत साल, आत मऊ. अशा पावाला वितळलेलं किंवा फार मऊ बटर लावणं म्हणजे त्याचा अपमान आहे, कारण ते आतल्या भोकांत शिरतं आणि दिसेनासं होतं. ब्रूनला गारसर बटरचा काप हवा, दोन-तीन मिलिमीटरचा, पसरलेला नव्हे तर ठेवलेला. अख्ख्या ब्रूनला १५ ग्रॅम. ज्यांना हे ‘बटर खाल्ल्यासारखं’ वाटतं त्यांनी दहा घ्यावं, पण पातळ करून सगळीकडे ओढण्यापेक्षा कापाची जागा कमी करावी. चावताना आधी साल मोडते, मग गार, खारं बटर लागतं, मग मऊ गाभा. यातली मधली पायरी गेली की ब्रून नुसता कोरडा आणि टोचणारा लागतो.

ब्रून घेताना तो खालून बोटाच्या पेराने वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर नीट भाजला आहे. सकाळचा ब्रून पावसाळ्यात दुपारपर्यंत चिवट होतो, कारण साल हवेतली ओल ओढते. तो पाच मिनिटं १८० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा झाकण न ठेवता कोरड्या तव्यावर फिरवून घ्या, मग निवू द्या आणि मगच बटर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या ब्रूनचं काहीच होत नाही, त्याचा टोस्ट करा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं, तेव्हापासून ब्रूनची साल आता तशी राहणार का, ही चर्चा रंगते. धुराचा वास जाईल हे खरं. सालीचा कडकपणा मात्र भट्टी किती तापली आणि पाव किती वेळ आत राहिला यावर जास्त अवलंबून असतो, घाईने काढलेला ब्रून लाकडावरचाही मऊच निघतो.

चहात बुडवणाऱ्यांचा पंथ वेगळा. बटर लावलेली बाजू चहात गेली की दोन गोष्टी होतात. फॅट चहाला आत शिरू देत नाही, म्हणून पाव हवा तसा भिजत नाही, आणि वितळलेलं बटर पिवळ्या चकत्या होऊन कपावर तरंगतं. काहींना नेमका तोच खारट तवंग आवडतो, त्यांच्याशी वाद नाही. ज्यांना आवडत नाही त्यांनी ब्रूनच्या खालच्या अर्ध्याला बटर लावावं, वरचा सालवाला अर्धा कोरडा ठेवून तो बुडवावा. सालीला तीन-चार सेकंद लागतात, लादी पावाला एकही नको. लादी पाव बुडवून वर काढेपर्यंत कपात गाळ झालेला असतो.

बन मस्क्यात बन गोडसर, बऱ्याचदा टूटीफ्रूटी किंवा मनुका घातलेला, आणि मस्का सढळ. मुंबईत धोबीतलावचं १९०४ चं कयानी, पुण्यात डेक्कनचं १९३५ चं गुडलक, अशा इराणी कॅफेंत बन आडवा चिरून, मस्का भरून, त्याचे उभे तुकडे करून देतात. घरी हाच बन फसतो तो बटरमुळे. वडीचं बटर नुसतं मऊ करून भरलं तर ते जड आणि खारट लागतं. २५ ग्रॅम मऊ बटर काट्याने किंवा छोट्या फेटणीने दोन-तीन मिनिटं फेटा, रंग फिकट होईपर्यंत. एक चमचा गार दूध थेंबाथेंबाने घाला, एकदम ओतलं तर फुटतं. हवा भरल्याने तेवढंच बटर जास्त जागा व्यापतं आणि खारटपणा सौम्य वाटतो. भरल्यावर बन दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग दातेरी सुरीने कापा, नाहीतर दाबाने सगळा मस्का बाहेर येतो. वरून साखर भुरभुरायची असेल तर जाडसर घ्या, पिठीसाखर बटरमधल्या पाण्यात विरघळून चिकट होते. इथे बिनमिठाचं बटरही चांगलं चालतं, ब्रूनवर मात्र ते फिकं पडतं.

तव्याच्या बाबतीत दोन तट आहेत. पावाला लावून तव्यावर ठेवलं तर पाव बटर आधी पितो, मग भाजतो. कुरकुरीतपणा कमी, चव खोलवर. तव्यावर बटर सोडून पाव दाबला तर पृष्ठभाग कुरकुरीत, आत कोरडा. पावभाजीला दुसरी पद्धत बरी. मध्यम आचेवर एका पावाला आठ ग्रॅम. बटर पडल्यावर चुरचुर होते ते त्यातलं पाणी उडत असतं. तो आवाज बसला की पाव ठेवा, त्याआधी ठेवलात तर वाफेने नरम पडतो. पाऊण मिनिट पुरे. थोडं तेल घातलं की बटर जळत नाही, असं सर्रास सांगतात. जळतात ते बटरमधले दुधाचे कण, आणि तेल घालूनही ते त्याच तापमानाला जळतात. तेलामुळे कण कमी असतात एवढंच. काळे ठिपके दिसले तर तवा पुसा आणि नव्याने घ्या, त्या कडवटपणावर मसाला भुरभुरून काही लपत नाही.

कमी फॅटच्या स्प्रेडबद्दल थोडक्यात: फ्रिजमधून काढताक्षणी पसरतं, लादी पाव फाटत नाही, सकाळी डबे भरणाऱ्या घरासाठी सोयीचं. तव्यावर अजिबात नको. त्यात पाणी बरंच जास्त, ते उडतं आणि पाव भिजतो. शिवाय ‘फॅट स्प्रेड’ लिहिलेल्या डब्यात वनस्पती तेल असू शकतं, घटकांची ओळ वाचून घ्या.

घरचं पांढरं लोणी भाकरी आणि थालीपिठावर राज्य करतं, पावावर त्याला मदत लागते. विरजलेल्या सायीचं लोणी गार पाण्यात तीन-चार वेळा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि दाबून पाणी काढा. ताक राहिलं तर दोन-तीन दिवसांत आंबूस वास येतो. मीठ लोण्यात आधी कालवून ठेवू नका. फॅटमध्ये ते विरघळत नाही, उरलेलं पाणी ओढून लोण्याला पाणी सुटतं. पावावर लोणी लावल्यावर चिमूटभर मीठ वरून टाका. ज्या पावाला हे लोणी खरोखर शोभतं तो गोव्याचा पोई. कोंड्याचा, आतून पोकळ. पोदेराकडून, म्हणजे तिथल्या पाववाल्याकडून, ऊन ऊन मिळाला तर कडेला चीर द्या, आत सुपारीएवढा गोळा टाका, मिटा आणि एक मिनिट थांबा. सुरीने सारवण्याची गरजच पडत नाही. थंड झालेल्या पोईला आधी तव्यावर दोन्ही बाजूंनी गरम करा, गार खिशात लोणी तसंच बसून राहतं.

मोठ्या हॉटेलात जेवणाआधी छोटे गोल रोल येतात, तिथे घासापुरता तुकडा तोडून तेवढ्यालाच बटर लावायची रीत आहे. रीत म्हणून ती मुळीच वाईट नाही. बटर बर्फावरून आलेलं असतं आणि छोट्या तुकड्यावर गार बटर ठेवणं सोपं जातं. फक्त आधी सगळं बटर स्वतःच्या ताटलीत घ्या, दर घासाला समाईक वाटीत सुरी घातली की त्यात चुरा पडतो.

तेच घरच्या पाकिटाचं. चुरा लागलेलं बटर त्या जागी लवकर बुरसतं, आणि उघडं राहिलं तर फ्रिजमधल्या कांद्या-लसणाचा वास धरतं. वडी कागदासकट झाकणाच्या डब्यात ठेवा, दोन दिवसांचं बटर वेगळ्या छोट्या वाटीत काढा आणि सुरी फक्त त्या वाटीतच घाला. ५०० ग्रॅमचं पाकीट घेत असाल तर त्याचे पाच भाग करून चार फ्रीजरमध्ये टाका. लागेल तो भाग आदल्या रात्री खाली काढला की सकाळी पाववाल्याची घंटी वाजेपर्यंत तो कापण्याजोगा झालेला असतो.