शंभर मण्यांची गणितमाळ : घ्यावी का, घेताना काय बघावे, वर्गात कशी लावावी

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या गणितासाठी एकच साहित्य विकत घेता येणार असेल, तर शंभर मण्यांची गणितमाळ घ्या. हे मत ठाम आहे, पण त्याला दोन अटी आहेत. माळ नीट बनवलेली हवी आणि ती मुलांच्या हाताला येईल अशी टांगलेली हवी. या दोन्हींत चूक झाली की तीच माळ ऑगस्टपर्यंत कपाटात जाते आणि थेट शाळाभेटीच्या दिवशी बाहेर निघते.

एका दोरीत शंभर मणी, दर दहा मण्यांनी रंग बदललेला, रंग दोनच. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे शंभरापर्यंत. या माळेचे मूळ नेदरलँड्समधल्या गणित शिक्षणात आहे. आपल्याकडे दिल्लीच्या जोडो ग्यान या गणित शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने ती गिनलडी या नावाने आणली, आणि मराठी शाळांत ती गणितमाळ किंवा नुसती मण्यांची माळ म्हणून ओळखली जाते.

आधी पैशांचे बोलू. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानाच्या निकषांत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये आहेत. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर जातो. उरलेल्यात वीजबिल, खडू, रजिस्टरे, नळदुरुस्ती, सगळेच बसवायचे असते. वाडीवस्तीवरच्या शाळेला त्यामुळे दरवर्षी नवे साहित्य घेणे परवडत नाही. घेतलेली माळ पाच वर्षे टिकली पाहिजे, या हिशोबानेच ती पारखा.

दुकानात माळ हातात आली की सर्वांत आधी मणी मोजा. एकेक मोजत बसायला वेळ नसतो, म्हणून सोपी रीत. माळ टेबलावर नागमोडी घडी घालून मांडा, रंग बदलेल तिथे वळण द्या, म्हणजे दहा ओळी एकाखाली एक येतात. सगळ्या ओळींची लांबी सारखी दिसली पाहिजे. एखादी ओळ आखूड किंवा लांब दिसली की तिथे नऊ किंवा अकरा मणी आहेत. एकूण शंभर भरले तरी एका दशकात नऊ आणि दुसऱ्यात अकरा असू शकतात, आणि हा दोष नुसत्या बेरजेत पकडला जात नाही. पहिलीतल्या मुलाचा दशकावरचा विश्वास अशा एका माळेने डळमळतो.

दुसरे, रंग कसा दिलाय ते बघा. वरून रंग मारलेल्या मण्यांचे टवके महिन्याभरात उडतात. प्लास्टिकमध्येच रंग मिसळलेला मणी घ्या. एका मण्यावर नख ओढून पाहिले की फरक कळतो. लाल-हिरवी जोडी टाळा, कारण काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, या दोन रंगांत फरक दिसत नाही आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. निळा-पिवळा उत्तम. लाल-पांढराही चालतो, पण पांढरा लवकर मळतो. दोनाऐवजी दहा रंगांच्या देखण्या माळा मिळतात, त्या घेऊ नका. तिथे मूल ‘जांभळ्यापर्यंत साठ’ असे रंगावरून पाठ करते आणि सहा दहा मोजणे राहून जाते. मण्यांवर अंक छापलेली माळही नको. अंक दिसला की मोजायची गरजच संपते.

तिसरी गोष्ट दोरी, आणि बहुतेक माळा इथेच मार खातात. तंगूस ताणाने हळूहळू लांबतो आणि मण्याच्या भोकाची कड त्याला कापत राहते. सुती दोरी हाताच्या घामाने आणि पावसाळ्यातल्या दमट हवेने फुगते, मग मणी सरकत नाहीत. इलॅस्टिक तर बादच, सरकवलेले मणी सोडताच परत येतात. दोन ते तीन मिलिमीटर जाडीची गुंफलेली नायलॉनची दोरी सर्वांत चांगली. बाजारातल्या माळेचे मणी चांगले असतील आणि दोरी वाईट असेल तरी बिनधास्त घ्या, कारण दोरी बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे. टोक मेणबत्तीवर किंचित वितळवून बोटाऐवजी कागदात धरून टोकदार केले की सुईची गरज लागत नाही. हे काम मुले घरी गेल्यावर करावे.

दोरीची लांबी अशी काढा. भिंतीवरच्या माळेला २० मिलिमीटरचे मणी घेतले, तर मण्यांचीच लांबी दोन मीटर होते. मणी सरकवायला मोकळी जागा हवी, ती साधारण ४० सेंटिमीटर. म्हणजे दोन हुकांमधले अंतर २.४ मीटर, आणि गाठींसाठी धरून दोरी तीन मीटर. विकत मिळणाऱ्या पुष्कळ माळांत ही मोकळी जागा जेमतेम दोन-तीन मण्यांएवढी असते. अशा माळेवर ३४ मणी एका बाजूला सारले तर पुढच्या मण्यांपासून ते वेगळे दिसतच नाहीत, आणि माळेचा सगळा अर्थ त्या फटीत आहे.

टांगताना खिळा ठोकून भागवू नका. गिलाव्यात ठोकलेला खिळा मुलांच्या ओढण्याने आठवड्यात निघतो. भिंतीत भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी बसवा आणि त्यात स्क्रूचा हूक फिरवा. जमिनीपासून उंची एक मीटर. पाहणाऱ्या मोठ्या माणसाला ती खालीच लावल्यासारखी वाटते, पण सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला ती सहज येते. फळ्याच्या वर, थोरांच्या तसबिरींच्या रांगेत लावलेली माळ ही शोभेची वस्तू आहे. डावे टोक पक्क्या गाठीने बांधा, उजवे सरकगाठीने, म्हणजे दोरी ढिली झाली की ताणून घेता येते. ताण कमी पडला की मध्ये झोळ येतो, सगळे मणी झोळात गोळा होतात आणि मूल एका हाताने मणी धरून दुसऱ्याने मोजू लागते. वर्गात माळ ‘चालत नाही’ अशी तक्रार होते, तेव्हा बहुतेक वेळा कारण हा झोळच असतो.

आता वापर. खूण म्हणून कपड्याचा चिमटा घ्या आणि त्याला संख्याकार्ड लावा. चिमटा मण्यावर लावायचा नाही, मण्यानंतरच्या फटीत लावायचा. ३४ म्हणजे चौतिसावा मणी नव्हे, सुरुवातीपासूनचे चौतीस मणी. चिमटा मण्यावर लावायची सवय लागली की पुढे २७ + ८ करताना मूल सत्ताविसाव्या मण्यापासूनच ‘एक’ म्हणायला लागते आणि उत्तर ३४ येते. बेरजेत नेहमी एकाने कमी उत्तर येणाऱ्या मुलाची वही तपासण्याआधी त्याचा चिमटा कुठे लागतो ते पाहा. शून्याचा मणी माळेत नाही, हेही याच रीतीने स्वच्छ दाखवता येते. शून्याचे कार्ड पहिल्या मण्याच्या आधी लागते.

सुरुवातीचे आठ-दहा दिवस मूल प्रत्येक वेळी पहिल्या मण्यापासून एकेक मोजेल. मोजू द्या, मात्र तिथेच थांबू नका. ‘४६ दाखव’ असे सांगितल्यावर मुलाचा तळहात चार वेळा दशकावरून सरकला आणि मग बोटाने सहा मणी मोजले, तर माळ कामाला लागली. महिन्याभराने ४९ विचारले की काही मुले पाच दशके सारून एक मणी मागे घेतात. हे शिकवावे लागत नाही, माळ शिकवते.

आणि इथेच मराठी वर्गासाठी या माळेची खरी किंमत आहे. आपली संख्यानामे अवघड आहेत. पंचवीस म्हणताना कानावर आधी पाच येतो, लिहिताना मात्र आधी दोन लिहायचा असतो. म्हणून पहिलीतल्या वह्यांत पंचवीसचे ५२ सापडतात. याच अडचणीवर २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आले आणि वाद विधिमंडळापर्यंत गेला. वादात कुणीही कुठल्याही बाजूला असो, वर्गात मुलाला पंचवीस शिकायचेच आहे. माळेवर पंचवीस दाखवताना हात आधी दोन दशकांवरून जातो, मग पाच सुटे येतात. हाताचा क्रम लिहिण्याच्या क्रमाशी जुळतो. हात सरकवताना ‘वीस आणि पाच, पंचवीस’ असे म्हणवून घेतले की अंकांची अदलाबदल पुष्कळ कमी होते.

एकोणतीसचे तर याहून सुंदर. ‘एकोण’ म्हणजे एक उणा. कानाला तीस ऐकू येते म्हणून मूल ३९ लिहून मोकळे होते. माळेवर तीस मणी सारा, तिसावा मणी परत उजवीकडे ढकला. तीन दशके पुरी व्हायला एकच मणी कमी. तो मणी एकटा फटीत उभा असतो, सगळ्या वर्गाला दिसतो. मग १९, २९, ३९ असे ८९ पर्यंत प्रत्येक ठिकाणी तोच एकटा मणी दाखवत जायचे. ९९ ला मात्र भाषा एकोण सोडून नव्याण्णव म्हणते, ते वेगळे सांगावे लागते. पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणे हे निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचे लक्ष्य आहे, आणि त्यात पुष्कळ मुले अडतात ती या एकोणवाल्या संख्यांवर.

बेरीज-वजाबाकीसाठी दुसरीत माळ तितकीच कामाची. ३८ + २५ ला ३८ वर चिमटा, मग दहाची उडी ४८, दहाची उडी ५८, दोन मणी घेऊन ६०, उरलेले तीन, ६३. वजाबाकीत ५२ – २७ ला ४२, ३२, ३०, २५. उड्या मारताना फळ्यावर रिकामी संख्यारेषा काढून त्याच उड्या कमानींनी दाखवा, म्हणजे पुढे माळ काढून घेतली तरी रीत राहते. शिक्षक माळ हातात धरून मुलांकडे तोंड करून उभे राहिले, तर मुलांना ती उजवीकडून डावीकडे दिसते आणि संख्यारेषेशी उलटी पडते. अशा वेळी बाजूला उभे राहा किंवा मुलांच्या डावीकडून सुरुवात करा. ही चूक अनुभवी शिक्षकांकडूनही होते.

माळ काय करू शकत नाही तेही सांगायला हवे. एका दशकाची दहा सुट्या एककांशी अदलाबदल तिच्यावर होत नाही, कारण मणी दोरीतून सुटत नाहीत. हातचा का घेतो, उसना का आणतो, यासाठी काड्यांचे गठ्ठेच लागतात. दहा काड्यांना रबरबँड लावणे आणि तो सोडणे, याला पर्याय नाही. नुसत्या माळेवर शिकलेली मुले तोंडी गणितात तरतरीत असतात, उभ्या मांडणीत मात्र अडखळतात. तिसरीत चार अंकी संख्या आल्या की माळेचा उपयोग पाढ्यांच्या टप्प्यांपुरता उरतो.

भिंतीवरच्या एका माळेने वर्ग चालत नाही. दोन मुलांत एक छोटी माळ हवी. मणी १० मिलिमीटरचे, लांबी मीटरभर, बस्करपट्टीवर समोरासमोर बसलेल्या जोडीला पुरते. पहिलीला जून-जुलैत शंभरची देऊच नका. वीस मण्यांची, पाच-पाचच्या रंगांची माळ स्वतः ओवून द्या. ७ म्हणजे पाच आणि दोन हे त्यावर पक्के होते. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात. तिथे दुसरीला फळ्यावर गणित देताना पहिलीच्या जोड्यांनी ‘एक कार्ड उचल, माळेवर दाखव, जोडीदार तपासेल’ हा खेळ पंधरा मिनिटे न थांबता खेळला, तर तेवढाच वेळ दुसऱ्या वर्गाला पूर्ण मिळतो. त्याच वेळी आहाराचे तांदूळ मोजून घ्यायला स्वयंपाकीण मावशी दारात आलेल्या असतात, तरी खेळ मोडत नाही.

छोट्या माळांचा गुंता होतो, हा त्यांचा मोठा दोष. डब्यात एकत्र टाकल्या की दहा मिनिटे सोडवण्यात जातात. पुठ्ठ्याच्या तुकड्याला दोन्ही टोकांना खाच पाडून प्रत्येक माळ त्यावर गुंडाळायची, किंवा भिंतीवर ओळीने खुंट्या लावून टांगायच्या. खुंट्या बऱ्या, एक माळ कमी असली की लगेच दिसते.

देखभाल फार नाही. खडूची धूळ बसून मणी खरखरीत होतात. महिन्यातून एकदा कोमट साबणपाण्यात बुडवून, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. कडक उन्हात प्लास्टिक ठिसूळ होते आणि रंग उडतो. तडकलेला मणी लगेच बदला, त्याची कड दोरी कापते. त्यासाठी खरेदीच्या वेळीच दोन्ही रंगांचे दहा-दहा मणी जास्तीचे मागून घ्या, कारण पुढच्या वर्षी तोच आकार आणि तोच रंग मिळत नाही. वीस पटाच्या पहिली-दुसरीला एक मोठी माळ, दहा छोट्या, वीस मण्यांच्या पाच, दोन डझन चिमटे आणि दहा मीटर जास्तीची दोरी एवढे पुरते. दोरी दरवर्षी जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ताणून पाहा.