आईचा अंगठा तीन वेळा घेतला

"आज्जी, उमटला नाय नीट. पुसून परत ठेवा." राउटर बसवायला आणि त्यातलं सिम आईच्या नावावर काढायला आलेला पोरगा तिला दोनदा असं म्हणाला. आईनं दोन्ही वेळा पदराला अंगठा पुसला आणि मशीनवर ठेवला. मी शेजारीच राउटरचं खोकं उघडत बसले होते आणि माझं सगळं लक्ष खोक्यात होतं. राउटरचे पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण मी हे लिहितेय ते त्या तीन अंगठ्यांसाठी.

आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या पोटात. फायबर अजून पोचलेलं नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने तिच्याजवळ राहून ऑफिसचं काम करायचं होतं, म्हणून सिमवर चालणारा राउटर घ्यायचं ठरवलं. बाजारातल्या एका दुकानदारानं सांगितलं, "ताई, फाइव्ह-जी राउटर देतो, नव्या सिमसकट, माणूस घरी येऊन बसवून देईल." ८,५०० रुपये रोख घेतले. बिल उद्या पाठवतो म्हणाला. घर आईच्या नावावर, म्हणून सिमही तिच्याच नावावर काढलं.

पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायला लागला. दुपारी तर साधी मेल उघडेना. गंमत म्हणजे त्याच कंपनीचं सिम असलेला माझा फोन खिडकीत ठेवला की बरा चालायचा. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरचं पान उघडलं. सिग्नलच्या रकान्यात आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलचा जोर, उणे ११८. हा आकडा उणे ९०च्या आसपास असला तर काम नीट होतं. उणे ११०च्या खाली गेला की रडारड सुरू. खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर शोधला तेव्हा उलगडा झाला. हा साधा ४जी राउटर, कॅट ४ या वेगाच्या दर्जाचा, कागदावर जास्तीत जास्त १५० एमबीपीएसचा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं ५जी म्हणजे घरातल्या वायफायचे ५ गिगाहर्ट्झ. टॉवरवरून येणारं ५जी, जे आपल्या देशात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, त्याच्याशी याचा काडीचा संबंध नाही. शिवाय हा राउटर फक्त बँड ३ आणि ४० हे फ्रिक्वेन्सीचे पट्टे पकडतो, म्हणजे १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ. आमच्या घरात फोनला मिळतो तो बँड ५, ८५० मेगाहर्ट्झचा. कमी फ्रिक्वेन्सी डोंगराआडही थोडीफार पोचते, जास्तीची अडते. राउटर घ्यायच्या आधी आपल्या घरात फोन कोणता बँड पकडतो ते पाहा आणि तोच बँड राउटरच्या माहितीपत्रकात आहे का ते तपासा. मी हे केलं असतं तर दुकानातच थांबले असते.

चार अँटेना होत्या. एक हलत होती म्हणून टोपण काढलं, तर आत तार नाही. दुसरीतही नाही. नुसती काळी, पोकळ प्लास्टिकची कांडी. चारातल्या दोन शोभेच्या.

ऑफिसमधल्या मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "अंगठा किती वेळा घेतला?" मी गप्प झाले. तिनं 'संचार साथी'च्या साइटवर जायला सांगितलं, आपल्या नावावर किती सिमं आहेत ते दाखवणाऱ्या सरकारी साइटवर. तिथं आईचा नंबर टाकला, तिच्या फोनवर आलेला ओटीपी भरला. आईच्या नावावर दोन नंबर दिसायला हवे होते, तिचा जुना आणि राउटरमधला. दिसले चार. मग आधारच्या साइटवर तिची ऑथेंटिकेशन हिस्टरी काढली, म्हणजे तिचं आधार कधी-कधी तपासलं गेलं त्याची यादी. त्या दिवशीच्या, काही मिनिटांच्या अंतरानं झालेल्या तीन नोंदी, आणि तिन्ही यशस्वी. पहिलाच अंगठा नीट उमटला होता. पुढचे दोन त्या जास्तीच्या दोन सिमांसाठी.

अशी सिमं कुठं जातात ते आपण रोज पेपरात वाचतो. कुणाला तरी बँकेच्या नावानं फोन जातो, खातं रिकामं होतं, आणि पोलीस ज्याच्या नावावर सिम आहे त्याचं दार वाजवतात. माझ्या आईचं दार.

त्या जास्तीच्या दोन नंबरांपुढं 'हा माझा नंबर नाही' हा पर्याय निवडून तक्रार केली, तिचा क्रमांक लिहून ठेवला. हिस्टरीची प्रिंट जोडून पोलीस ठाण्यात अर्ज दिला आणि पोच घेतली. काही दिवसांनी दोन्ही सिमं बंद झाली. दुकानदार म्हणतो, तो पोरगा आमचा नव्हेच. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला तर पहिल्यांदा बिल मागितलं. बिल कुठाय? पैसे अजून अडकलेत.

घरी सिम द्यायला कुणी आलं तर मशीनचा स्क्रीन तुमच्याकडे वळवून घ्या. 'परत ठेवा' म्हणाला तर आधी काय एरर आलाय ते दाखवायला लावा. वयस्कर माणसाला त्याच्याजवळ एकटं सोडू नका. आणि त्याच संध्याकाळी संचार साथीवर नंबर मोजा.

आईला सगळं समजावलं तेव्हा ती हाताकडं बघत म्हणाली, "मला वाटलं, माझंच बोट झिजलंय. रेशनच्या मशीनवर पण कधीकधी उमटत नाही गं." आयुष्यभर भात लावलेले हात. त्या पोरानं नेमकं तेच हेरलं होतं.

आता तिचं आधार बायोमेट्रिक लॉक केलंय, म्हणजे लॉक उघडल्याशिवाय तिचा अंगठा कुठल्याच मशीनवर चालत नाही. रेशनच्या दिवशी ती रांगेतून मला फोन करते, "आला बघ नंबर, उघड." मी पुण्यातून लॉक उघडते आणि धान्य पिशवीत पडलं असं तिनं सांगेपर्यंत फोन ठेवत नाही.