पोर्ट्समथची जुनी गोदी, सुताराच्या नजरेने

लेक इंग्लंडात असते, तिच्यामुळे यंदा पोर्ट्समथची ऐतिहासिक गोदी बघायला मिळाली. नाशिकला भद्रकालीत आमचं तीन पिढ्यांचं सुतारकाम. बाकीचे तोफा बघत होते, मी लाकूड बघत होतो.

ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची युद्धनौका 'व्हिक्टरी' 1765 सालची, ओकची. तिची मोठी दुरुस्ती चालली आहे, त्यामुळे पूर्ण जहाजाचा फोटो मिळेल ही आशा ठेवून जाऊ नका. 1860 ची 'वॉरियर' मात्र डौलात उभी आहे. तिच्या चिलखताला बाहेरून साडेचार इंच लोखंड आणि त्यामागे 18 इंच सागवान! गोळ्याचा दणका लाकडाने जिरवायचा. मी जावईबापूंना म्हटलं, आपल्या वाड्याचे खांबसुद्धा एवढे जाड नाहीत.

पण तिकिटाचे पैसे वसूल होतात ते 'मेरी रोज'पाशी. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं हे जहाज 1545 मध्ये बुडालं. सुमारे 500 माणसांतली जेमतेम 35 वाचली. उजवी बाजू गाळात रुतली, तिथे हवा नाही म्हणून कुजली नाही. 1982 मध्ये वर काढल्यावर आधी गार पाण्याचे, मग मेणासारख्या रसायनाचे फवारे, असं 2013 पर्यंत चाललं. ओलं लाकूड घाईने वाळवलं की तडकतं, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. इथे त्यासाठी 30 वर्षं थांबले.

जहाजावरच्या सुताराच्या खोलीतली हत्यारं मांडली आहेत. रंधे, मोगऱ्या, गिरमिटाच्या मुठी. लोखंड बहुतेक गंजून गेलं, लाकूड राहिलं. पातं नसलेला रंधासुद्धा मला लगेच ओळखू आला. अण्णांचा रंधा अजून माझ्याकडे आहे, त्यांच्या अंगठ्याने मुठीला खळगा पडलाय. त्या काचेसमोर माझा हात नकळत तसाच वळला. त्या खोलीच्या दाराशी सापडलेल्या कुत्र्याचा सांगाडाही तिथेच आहे. लेकीने दोनदा बोलावलं, पाय निघेना.

पोर्ट्समथ हार्बर स्टेशनवर उतरलात की गोदी अगदी शेजारीच. सकाळी आधी 'मेरी रोज' गाठा, दुपारी गर्दीत काचेपुढे निवांत उभं राहता येत नाही. आणि घरात कोणी लाकडाचं काम करणारं असेल, तर त्यांना घेऊनच जा.