जिप्सी किंग २००४, अंगणातला मेंटेनन्स, ११ महिने वापरल्यावर

गेल्या जूनमध्ये पावसाच्या तोंडावर मारुतीची २००४ ची जिप्सी किंग जीप घेतली, सॉफ्ट टॉप (कापडी छत), १२९८ सीसी एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवालं इंजिन), ८० बीएचपी वाली. गाडी साताऱ्यात असते, ठोसेघर, चाळकेवाडी, कास-बामणोली यातला एक रस्ता आठवड्याला होतोच. ६ हजार किमी झाले आणि टायर, वेल्डिंग आणि सुरुवातीला गॅरेजमध्ये केलेलं एक काम सोडून बाकी सगळं अंगणात केलंय, मदतीला शेजारचे अण्णा, ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत.

घरी काम करायला यासारखी गाडी नाही हे आधीच सांगतो. वेगळी चासी, चारी बाजूला पाटे, पुढे-मागे सरळ अ‍ॅक्सल, आणि उंची एवढी की जॅक न लावता खाली सरकून ग्रीस गन मारता येते. पण जुन्या फोर बाय फोरमध्ये (चारी चाकांना ताकद जाणारी गाडी) बिघाड इंजिनात कमी आणि खाली जास्त असतो, आणि विकत घेताना आपण सगळे बॉनेट उघडून बघतो, मीही तेच केलं होतं.

पहिल्याच महिन्यात ५५-६० ला खड्डा लागला की स्टिअरिंग असं थडथडायचं की गाडी जागेवर थांबवल्याशिवाय बंद व्हायचं नाही. घरचे बसायला घाबरायला लागले. एका गॅरेजवाल्याने बॅलन्सिंग केलं, मग स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे दाबणारा शॉकअ‍ॅब्सॉर्बर) बदलला, पैसे गेले आणि पंधरा दिवसांत परत तेच. अण्णांनी पुढचं चाक उचलून अ‍ॅक्सल घोडीवर टेकवला आणि वर-खाली धरून हलवलं तर खट खट, एकाला ब्रेक दाबून धरायला लावला तरी खट खट, म्हणजे व्हील बेरिंग नाही, किंगपिनचं बेरिंग (किंगपिन म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती). त्याच बाजूच्या नकलच्या (चाक वळतं तो अ‍ॅक्सलच्या टोकाचा सांधा) गोळ्यावरून काळं पातळ तेल ओघळत होतं. अ‍ॅक्सलच्या आतलं सील गेलं की डिफ्रेन्शलचं (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) ऑइल नकलमध्ये येतं, तिथलं ग्रीस पातळ करतं, आणि मग किंगपिनची बेरिंगं कोरडी पडून गंजतात. डॅम्पर बदलून हे थांबणार कसं?

काम दोन रविवारचं, एक रविवार एक बाजू. चाक, मग कॅलिपर (तो तारेने पाट्याला बांधून ठेवा, ब्रेकच्या पाइपावर लोंबकळू देऊ नका), फ्री व्हील हब (पुढचं चाक अ‍ॅक्सलला जोडणारं-सोडवणारं), डिस्क, स्पिंडल, मग आतला जॉइंट ओढून काढायचा. किंगपिनच्या टोप्यांखाली पातळ शिम असतात, वरच्या कुठल्या खालच्या कुठल्या हे काढतानाच पिशवीवर लिहून ठेवा, कारण बेरिंग किती घट्ट बसणार ते त्या शिमवरच ठरतं. नवीन बेरिंग टाकताना वाटीसकट (रोलर ज्यात फिरतात ती बाहेरची कडी) टाकायचं, जुन्या वाटीत नवीन बेरिंग टिकत नाही. जुनी वाटी हाताला दाखवली अण्णांनी, रोलरचे खड्डे स्पष्ट लागत होते. दोन्ही बाजूची बेरिंगं, सीलं, एमपी थ्री ग्रीस सगळं मिळून साडेपाच हजारांच्या आत झालं आणि त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही थडथड नाही, खंबाटकीतून ८० ने येतो.

दुसरी गोष्ट ऑइलची. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारा डबा), पुढचं डिफ्रेन्शल, मागचं डिफ्रेन्शल, चार वेगवेगळी घरं आहेत आणि आधीच्या मालकाने फक्त इंजिनचं बदललेलं असणार हे धरूनच चाला. मागच्यातून चहासारखं दुधाळ ऑइल आलं, म्हणजे पाणी गेलेलं. ओढ्यात गाडी घातली की गरम हाऊसिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते, आणि वरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची नळी) चिखलाने बुजलेला असला तर ते सीलमधून पाणी ओढतं. ब्रीदर साफ करायला पाच मिनिटं लागतात. आणि खालचा बोल्ट उघडायच्या आधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा, नाहीतर ऑइल सगळं खाली आणि भरायचा बोल्ट गंजून अडकलेला, गाडी तिथंच उभी.

क्रॉसला (प्रोपेलर शाफ्टचे सांधे) ग्रीस मी निपलमधून दर महिन्याला देतो, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, कडेने जुनं बाहेर येईपर्यंत. फोर हाय (चारी चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाचा गिअर) फक्त चिखलात आणि सैल मातीत, कोरड्या डांबरावर नाही, वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि मध्ये डिफ्रेन्शल नसल्यामुळे तो ताण सगळा क्रॉस आणि ट्रान्सफर केसवर येतो. महिन्यातून एकदा मात्र मातीच्या रस्त्यावर दोन-तीन किमी फोर हाय लावतोच, नाहीतर पुढच्या सीलांना ऑइल लागत नाही.

अ‍ॅव्हरेज ११ च्या आसपास, घाटात ९. सीट लांबच्या प्रवासाला कडक आहे, आईला मागे बसवत नाही. पार्ट्सची अडचण अजून आली नाही, सैन्यात वर्षानुवर्षं चालल्यामुळे माल फिरतो, फक्त रबरी बुश घेताना हाताने दाबून बघा.

खरी काळजी गंजाची. मॅट उचलल्यावर ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा बोटाने दबत होता, तिथं पत्रा कापून नवीन लावला, रेड ऑक्साइड मारलं, चासीची पाणी जायची भोकं तारेने मोकळी केली, त्यातून मूठभर वाळलेला चिखल निघाला. मागच्या चाकाच्या कमानीचा पत्रा अजून बाकी आहे, तो पाऊस सुरू व्हायच्या आत करायचाय, वेल्डरकडे पुढच्या गुरुवारचा नंबर लागलाय.